कोचीला मुक्काम किती दिवसांचा?



शहरातला नोकरदार प्रवासाला निघाला की शिल्लक रजा पाहतो. आपण गोठ्याकडे पाहतो. म्हैस दुभती आहे का, कांद्याचे रोप लावणीला आले का, या आठवड्यात मोटारीला वीज दिवसा आहे की रात्री, हे सगळे जमेस धरून मगच आपल्याला घराला कुलूप लावता येते. म्हणून शेतकऱ्याच्या घरात ‘कुठे जावे’ यापेक्षा ‘किती दिवस राहावे’ हाच प्रश्न जास्त अवघड असतो. एक दिवस कमी केला तर गेल्याचे सार्थक होत नाही आणि एक दिवस वाढवला तर घरी काहीतरी बिघडते.

मी शेती खात्यात विस्ताराचे काम करणारा माणूस. माझा थोरला भाऊ आणि वहिनी गावी माण तालुक्यात शेती पाहतात. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे केरळातल्या कोचीला जाऊन आलो. तिथे मुक्काम किती करायचा यावरून आमच्यात जे झाले ते तुम्हाला सांगण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

माझी पहिली चूक

कोचीला मी पूर्वी एकदा गेलो होतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्रिशूरच्या कृषी विद्यापीठात प्रशिक्षण होते. परत येताना एक दिवस हाताशी उरला, तो कोचीसाठी ठेवला. सकाळी पोचलो आणि संध्याकाळी गाडीत बसलो. तो वार होता शुक्रवार. मट्टंचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर शुक्रवार-शनिवार पाहायला मिळत नाही. मी दोन्ही ठिकाणच्या बंद दारांना नमस्कार केला, पावशेर मिरी घेतली आणि घरी येऊन ‘कोची पाहिली’ म्हणून सांगत सुटलो. दोष कोचीचा नव्हता, माझाच होता. पंचांग पाहून पेरणी करणारा मी, पण प्रवासाला निघताना वार पाहिला नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही ध्यानात ठेवा. मुक्काम किती दिवसांचा, हे ठरवण्याआधी तो कोणत्या वारी पडतो ते पाहा. कोचीला रविवारी पोचावे आणि गुरुवारी निघावे, म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन पुरे दिवस मिळतात.

दादांचा हिशेब

दादांना हे पटवायला मला महिना लागला. त्यांचे म्हणणे सरळ होते. “जायला एक दिवस, यायला एक दिवस, तिथं एक दिवस. बास झालं की.” घरी दोन म्हशी दुभत्या. वैरण-पाणी, धार, शेण सगळे रोजचे. मी त्यांना म्हटले, “दादा, पनवेलहून गाडीत बसलो तर कोकण रेल्वेने जवळजवळ एक दिवस-रात्र लागते. गावाहून पनवेलला जायचे ते वेगळे. जाण्या-येण्यात तीन दिवस घालवून तिथे एकच दिवस राहायचे, म्हणजे पाच मैलांवरून पाणी आणून एकच वाफा भिजवल्यासारखे झाले.” हा दाखला त्यांना पटला. दुष्काळी मुलखातला माणूस पाण्याच्या हिशेबाने लवकर समजतो.

डिसेंबर निवडला तोही हिशेबाने. शाळू पोटरीत होता, पाखरांच्या राखणीला अजून पंधरवडा अवकाश होता. कोचीला जूनपासून जोराचा पाऊस असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊसही चांगलाच झोडपतो. मार्चनंतर घामाच्या धारा. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्याही सावकाश चालतात. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

गोठ्याची व्यवस्था शेजारच्या घरी लावली. बोली अशी ठरली की वैरण आणि पेंड आमची, चार-सहा दिवसांचे दूध त्यांचे. वहिनींनी निघताना दोन्ही म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडी फलटणच्या पुढे जाईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

गाव एक, तुकडे अनेक

कोची म्हणजे एकच सलग शहर नव्हे. रेल्वे थांबते ते एर्नाकुलम, मुख्य जमिनीवरचे गजबजलेले गाव. पाण्यापलीकडे जुने कोची, म्हणजे फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टंचेरी. मध्ये विलिंग्डन बेट आहे. इंग्रजी अमदानीत बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्याची भर घालून ते बेट तयार केले. गाळातून जमीन उभी राहते हे आपल्याला नवीन नाही, पण एवढी मोठी ताल कुणी घातलेली आपण पाहिली नसेल.

मुक्काम फोर्ट कोचीतच करा. एर्नाकुलमला उतरून रोज ये-जा केली तर दिवसाचे दोन-तीन तास त्यातच जातात. पलीकडे जायला सरकारी बोट आहे, तिकीट चहाच्या कपाहून स्वस्त. २०२३ सालापासून विजेवर चालणाऱ्या ‘वॉटर मेट्रो’च्या नव्या बोटीही सुरू झाल्या आहेत. वहिनींनी त्या बोटीत बसल्यावर एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने दादांची बाही धरली, ती पलीकडचा धक्का येईपर्यंत सोडली नाही.

या बंदराच्या जन्माची कथाही नदीचीच आहे. पूर्वी या किनाऱ्यावरचे मोठे बंदर उत्तरेला कोडुंगल्लूरजवळ होते, मुझिरिस नावाचे. तिथून मिरी रोमपर्यंत जात असे. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, जुने बंदर गाळाने भरले आणि कोचीचे तोंड मोकळे झाले असे मानतात. एका पुराने एक गाव बसवले आणि एक उठवले.

पहिला दिवस: किनारा

सोमवारी उजाडताच आम्ही चिनी जाळ्यांपाशी गेलो. पाण्याच्या कडेला उंच लाकडी सांगाडे उभे, त्यांना खाली टांगलेले मोठे जाळे. चार-सहा माणसे दोर ओढतात, मागे दोरांना बांधलेले धोंडे खाली येतात आणि जाळे वर उचलले जाते. कोकणातल्या आगरात विहिरीवर लाट असते, एका टोकाला दगडाचे वजन आणि दुसऱ्या टोकाला पोहरा, त्याच तत्त्वावर हे चालते. आता अशी जाळी थोडीच उरली आहेत आणि मासळीही पूर्वीसारखी लागत नाही. आमच्यासमोर जाळे तीन वेळा वर आले. दोनदा त्यात मूठभर मासे होते, एकदा नुसता पाला. ते ओढणारे म्हातारबाबा हसले आणि जाळे पुन्हा पाण्यात सोडले. दादा तेवढेच बोलले, “आपल्यासारखंच आहे. टाकायचं आणि वाट बघायची.”

तिथून जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५०३ साली पोर्तुगीजांनी इथे पहिले लाकडी चर्च बांधले. युरोपीय लोकांनी भारतात बांधलेल्या चर्चमध्ये हे सर्वांत जुने समजतात. १४९८ साली समुद्रमार्गाने कालिकतला आलेला वास्को द गामा याच कोचीत १५२४ च्या डिसेंबरात वारला. त्याला आधी इथेच पुरले आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. थडग्याची जागा अजून दाखवतात. पुढे १६६३ साली कोची डच लोकांनी घेतली आणि १७९५ साली इंग्रजांनी. तीन परके मालक झाले, पण तिघेही आले ते एकाच पिकासाठी, मिरीसाठी.

रात्रीचा फोन

त्या संध्याकाळी आम्ही समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा सूर्य पाण्यात बुडताना पाहिला. तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. मोठी म्हैस पान्हा सोडत नव्हती. सकाळी जेमतेम दिले, संध्याकाळी बादलीला लाथ मारली. कास तटतटली होती.

दादा लगेच उठले. “उद्याची गाडी बघ.”

वाचकहो, हे काही भित्र्या माणसाचे बोलणे नव्हते. कासेत दूध तुंबून राहिले की कासदाहाची भीती असते. एक सड गेला तरी म्हशीची किंमत निम्म्यावर येते. त्या म्हशीच्या दुधावर घरचा किराणा आणि पुतण्याची कॉलेजची फी चालते. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला राजवाडा, असा तो तराजू होता. मी सरकारी पगाराचा माणूस. ‘राहा’ म्हणण्याचा मला काय अधिकार? मी मोबाइलवर गाड्या पाहू लागलो.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, फोन द्या जरा.” शेजारच्या काकूंना त्यांनी सांगितले, “दाराच्या मागं खुंटीला माझं जुनं पातळ आहे, धारेचं. न धुतलेलं. ते गुंडाळून बसा. आधी पारडी सोडा, तिला चार घोट पिऊ द्या. पेंड पुढ्यात ठेवा आणि गोठ्यात दुसरं कुणी येऊ देऊ नका.”

यात जादूटोणा नाही. जनावर वासाने आणि सवयीने माणूस ओळखते. ओळखीचा वास आला, वासरू ढुसण्या देऊ लागले की जनावराचे मन निवते, रक्तात पान्ह्याचे संप्रेरक उतरते आणि दूध सुटते. भीती वाटली की ते अडते. अशा वेळी काही लोक पान्ह्याचे इंजेक्शन टोचतात. ते कदापि करू नका. पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय त्याचा वापर बेकायदेशीर आहे आणि जनावराच्या अंगालाही घातक. मी काकूंना एवढेच म्हटले की अर्ध्या तासात दूध सुटले नाही तर थांबू नका, पशुवैद्यांना बोलवा.

तो अर्धा तास फार मोठा गेला. फोन वाजला. म्हैस शांत झाली होती. नेहमीपेक्षा दोन लिटर कमी, पण कास मोकळी झाली होती.

तरी दादा म्हणाले, “उद्या पुन्हा अडली तर?” तेव्हा वहिनी म्हणाल्या, “अडली तर जाऊ. पण आत्ता अडली नाही. परत कधी यायचं होणार आहे आपलं?” दादांनी उत्तर दिले नाही. जरा वेळाने त्यांनी विचारले, “उद्याचा वाडा किती वाजता उघडतो?”

दुसरा दिवस: मट्टंचेरी

सकाळचा फोन चांगला आला, म्हणून मंगळवारी मट्टंचेरी पाहिली. इथला राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून त्याला डच राजवाडा म्हणतात. बाहेरून अगदी साधा. आत भिंतींवर रामायणाची रंगीत चित्रे आहेत. ओळखीचे प्रसंग पण अनोळखी चेहरे, त्यामुळे वहिनी एकेका भिंतीपुढे उभ्या राहून कथा जुळवत होत्या. माझ्या मते तिथे अर्धा तास पुरेल, त्यांना दीड तास लागला. मुक्काम ठरवताना ही गोष्टही लक्षात घ्यावी. बायामाणसांना घाईने हाकू नये. वर्षभर घड्याळाला जुंपलेल्या माणसाला एका चित्रापुढे उभे राहायला मिळणे हाच प्रवास.

राजवाड्याशेजारी परदेशी ज्यूंचे प्रार्थनामंदिर, १५६८ सालचे. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हाताने रंगवलेल्या, वर काचेची झुंबरे. १९४८ साली इस्राएल देश झाल्यावर इथली बहुतेक ज्यू कुटुंबे तिकडे गेली, आता इथे जवळजवळ कुणी उरले नाही. दादांना मी आठवण करून दिली की आपल्या अलिबागकडे ‘शनवार तेली’ म्हणत ते हेच धर्मबंधू. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव पडले. इथले मंदिर शनिवारी बंद का असते, तेही यावरून कळते.

गल्ल्यांतून मिरी, सुंठ, वेलदोड्याचा वास येतो. १९५७ पासून इथे मिरीच्या वायद्याचा बाजार भरे, दलाल ओरडून भाव पुकारत. आता ती ओरड थांबली आहे. मिरीचा वेल इथे शहरात दिसत नाही, तो आतल्या बाजूला आणि डोंगराकडे. घोसातला एखादा मणी पिकू लागला की घोस तोडतात आणि वाळवतात. शंभर किलो ओल्या मिरीची वाळून साधारण तेहतीस किलो काळी मिरी होते. कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांतही आता ‘पन्नियूर-१’ ही केरळची जात आहे. विकत घेताना एक परीक्षा करा. पेलाभर पाण्यात चिमूटभर मिरी टाका. चांगली मिरी तळाला जाते, भेसळीच्या पपईच्या बिया वर तरंगतात.

मट्टंचेरीत वहिनींना तहान लागली. त्यांनी एका दारात ओंजळीची खूण केली, तर आतल्या बाईंनी मुलीला हाक मारून ‘उदक’ आणायला सांगितले. वहिनी चकित. ही वस्ती कोकणी बोलणाऱ्यांची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून निघालेली सारस्वत कुटुंबे इथे येऊन राहिली. याच लोकांतले तीन वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट, यांनी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर डच अधिकारी व्हॅन रीड याला इथल्या झाडपाल्याची माहिती दिली. त्यातून ‘होर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. त्या तीन वैद्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत त्यात छापले आहे. झाडांचे ज्ञान कॉलेजात सुरू होते असे समजणाऱ्या माझ्यासारख्या पदवीधराने हे जरूर लक्षात ठेवावे.

तिसरा दिवस: खाऱ्या पाण्यातले शेत

बहुतेक प्रवासी दोन दिवसांत निघून जातात. शेतकऱ्याने मात्र तिसरा दिवस सोडू नये. आम्ही बुधवारी रिक्षाने कुंबळंगीकडे गेलो. तिथे ‘पोक्कळी’ भाताची शेते आहेत. आम्हाला दिसले ते नुसते पाणी. दादा म्हणाले, “शेत कुठंय?” मी म्हटले, “हेच.”

एप्रिलच्या सुमारास ओहोटी साधून शेतातले खारे पाणी दारातून बाहेर काढतात आणि मातीचे उंचवटे करतात. जूनच्या पावसाने त्यांच्यातले मीठ धुऊन गेले की त्यावर मोड आलेले भात पेरतात. महिन्याभराने ते उंचवटे रोपांसकट फोडून शेतभर पसरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नुसत्या लोंब्या कापतात आणि धाटे पाण्यातच ठेवतात. मग भरतीचे पाणी आत घेतात. त्याबरोबर कोळंबीची पिल्ले येतात, कुजलेल्या धाटांवर वाढतात आणि एप्रिलपर्यंत काढली जातात. कोळंबीची घाण पुढच्या भाताला खत. वरखत नाही, फवारणी नाही. आपल्या रायगडच्या खारजमिनीत उघाडीची दारे असतात, त्यांचीच ही बहीण. पण मजूर मिळत नाहीत आणि कोळंबीला पैसा जास्त, म्हणून भाताचे क्षेत्र घटत चालले आहे.

दादा बांधावर उकिडवे बसून पाण्यात हात घालून ते चाखत होते. “आपल्याला पाणी नाही, ह्यांना पाण्यात मीठ. तरी दोन पिकं काढतात,” एवढेच ते म्हणाले. परत आल्यावर मात्र त्यांनी बांधावर शेवगा लावायचे मनावर घेतले. सहा वर्षे मी सांगत होतो, तेव्हा ऐकले नव्हते.

मग मुक्काम किती?

माझा सल्ला असा. एकच दिवस मिळत असेल तर फक्त फोर्ट कोचीचा किनारा आणि चर्च पाहा, धावपळ करू नका. दोन दिवस असतील तर मट्टंचेरी धरा, पण वार पाहून. तीन दिवस हा शेतकरी कुटुंबाला योग्य मुक्काम. चौथा दिवस लागत नाही, त्यानंतर जीव गोठ्याकडे ओढू लागतो आणि तो ओढू द्यावा.

दादांसारखे माळकरी असाल तर उपाशी राहण्याची धास्ती नको. इडली, डोसा, आप्पम, हरभऱ्याची उसळ सगळीकडे मिळते. भात तांबडा आणि जाड असतो, फोडणीला खोबरेल. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या.

आणि शेवटची गोष्ट. पेरणीला, मळणीला आपण सावड करतो, तशी प्रवासाचीही करावी. यंदा तुम्ही जा, शेजारी गोठा सांभाळतील. पुढच्या वर्षी ते जातील, तुम्ही सांभाळा. मात्र एक काम आठ दिवस आधीपासून करा. जो धार काढणार त्याला रोज आपल्याबरोबर गोठ्यात बसवा. आम्ही ते केले नव्हते, म्हणून पातळावर वेळ आली.

येत्या माघात आमचे शेजारी पंढरपूर करून पुढे रामेश्वरला जायचे म्हणतात. त्यांच्या गाईची धार काढायला वहिनी आतापासूनच रोज सकाळी जातात.